जिना बदलताना : दरपत्रकांची पारख
(भाषणाचा मजकूर)



घरातील जिना मोडकळीस येईपर्यंत त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. भिंतीला ओल आली तर ती डोळ्यांना दिसते, छप्पर गळू लागले तर पहिल्याच पावसात समजते. जिन्याची एखादी पायरी कुरकुरू लागली, की घरातील माणसे मात्र ती ओलांडून पुढच्या पायरीवर पाय टाकण्याची सवय लावून घेतात आणि वर्षानुवर्षे तसाच संसार चालतो. पाहुण्याला ती सवय नसते, वृद्धाला ती जमत नाही आणि रात्री दिवे गेले असता ती कोणाच्याच उपयोगी पडत नाही. शेवटी कोणी तरी घसरून पडते, आणि मग घाईघाईने सुताराला किंवा गवंड्याला बोलावणे जाते. घाईत ठरविलेले काम महाग पडते आणि पुष्कळदा वाईटही होते.

या विषयाचा विचार करण्यास कामरेजसारखे गाव फार सोयीचे आहे. सुरतेजवळ, तापी नदीच्या काठी आणि राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ वर वसलेले हे तालुक्याचे ठिकाण १९४९ साली बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत गायकवाडांच्या नवसारी प्रांतात मोडत होते. १ मे १९६० पासून ते गुजरात राज्यात आहे. सुरतेच्या कापडधंद्यात स्थिरावलेली खानदेशी कुटुंबे, तसेच ऊसतोडीच्या हंगामात डांग आणि खानदेशातून दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे येणारे मजूर, यांच्यामुळे या टापूत मराठी बोल कानांवर पडणे नवलाचे नाही. ‘दादर’ हा जिन्यासाठीचा शब्द तर गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषांना सारखाच जवळचा आहे. दक्षिण गुजरातच्या जुन्या गावठाणांतून सागाचे खांब, कडीपाटाची जमीन आणि भिंतीलगत उभा चढत गेलेला अरुंद लाकडी दादर अशी घरे बांधली जात. महामार्गालगत उठलेल्या नव्या वसाहतींत मात्र सिमेंट काँक्रीटच्या इमारती दिसतात. जुने आणि नवे असे दोन्ही प्रकारचे कारागीर हाताशी असल्यामुळे येथील घरमालकापुढे निवड करण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो.

जिना ही केवळ सोय नव्हे, हे या परिसराने दोन वेळा कटु अनुभवाने जाणले आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून प्रचंड विसर्ग करावा लागला आणि तापीच्या पुराने सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. तळमजले बुडाले तेव्हा लोकांनी वरच्या मजल्यावर आणि गच्चीवर आसरा घेतला. म्हातारी माणसे, लहान मुले, धान्याची पोती, पाण्याची भांडी, सारे काही जिन्यानेच वर न्यावे लागले. दुसरा प्रसंग २४ मे २०१९ चा. सुरतेहून कामरेजकडे येणाऱ्या रस्त्यावरील सरथाणा येथे तक्षशिला आर्केड या व्यापारी इमारतीस आग लागली. तिच्या सर्वांत वरच्या मजल्यावर शिकवणीचे वर्ग भरत. वर जाण्याचा लाकडी जिना आगीत सापडला, उतरण्याचा मार्ग खुंटला आणि २२ जणांचा अंत झाला. त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. पुरात वर चढण्यासाठी आणि आगीत खाली उतरण्यासाठी माणसाजवळ एकच वाट असते. ती बदलण्याचे काम ज्याच्याकडे सोपवायचे, त्याची निवड केवळ शेवटच्या आकड्यावरून करणे योग्य होणार नाही, हे यावरून ध्यानात यावे.

तीन कारागीर आणि तीन निरनिराळे जिने

व्यवहारात काय घडते ते पाहू. घरमालक सुताराला बोलावतो आणि विचारतो, “हा जिना बदलायचा आहे, किती घ्याल?” सुतार एक आकडा सांगतो. मग लोखंडी काम करणारा येतो, तो दुसरा आकडा सांगतो. गवंडी मिस्त्री तिसरा सांगतो. रात्री जेवताना घरात त्या तीन आकड्यांची तुलना होते आणि जो सर्वांत कमी, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी विसार पोहोचतो. वास्तविक या तिघांनी एकाच वस्तूची किंमत सांगितलेलीच नसते. सुताराच्या मनात जुन्याच जागी, जुन्याच चढाचा नवा दादर असतो. लोखंडवाल्याच्या मनात पत्र्याच्या पायऱ्या असतात. गवंड्याच्या मनात मधल्या चौकासह काँक्रीटचा जिना असतो. तीन वेगळ्या जिन्यांची किंमत शेजारी शेजारी लिहिली, तर त्याला तुलना म्हणता येणार नाही.

शासकीय कार्यालयांत काम करणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. निविदा मागविताना सर्वांना एकच कामाचे वर्णन आणि एकच परिमाण दिले जाते. प्रत्येकाने फक्त आपला दर भरावयाचा असतो. त्यामुळेच पुढे तुलनात्मक तक्ता तयार करता येतो. परंतु कार्यालयात ही शिस्त कसोशीने पाळणारा अधिकारी स्वतःच्या घराच्या कामाला मात्र प्रत्येक कारागिराला आपापल्या मनाप्रमाणे अंदाज सांगू देतो, असे पुष्कळदा पाहावयास मिळते. घरच्या कामासाठी निविदेचा जाडजूड कागद नको, हे खरे. पण वहीचे एक पान पुरे असते. त्या पानावर कोणता जिना हवा हे आधी लिहावे आणि दर त्यानंतर विचारावा.

म्हणून पहिली पायरी दराची नसून मोजमापाची आहे. खालच्या मजल्याच्या फरशीपासून वरच्या मजल्याच्या फरशीपर्यंतची उंची टेपने मोजावी. समजा ती १० फूट, म्हणजे १२० इंच भरली. जुन्या दादरात बहुधा १० इंच उंचीचे १२ चढ आणि जेमतेम ८ इंचांच्या ११ पायऱ्या आढळतील. असा दादर जमिनीवर सव्वासात ते साडेसात फुटांत मावतो आणि म्हणूनच पूर्वी तो तसा केला जाई. जागा वाचली, पण चढ शिडीसारखा उभा झाला. भारतीय मानक संस्थेने १९७० साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या आणि २०१६ साली सुधारून काढलेल्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घरातील पायरीची उंची १९० मिलिमीटर, म्हणजे साडेसात इंचांहून अधिक नसावी आणि पाय टेकण्याची रुंदी २५० मिलिमीटर, म्हणजे सुमारे १० इंचांहून कमी नसावी. सतराव्या शतकात ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञाने माणसाच्या चालीवरून एक हिशेब बसविला. पायरीच्या उंचीची दुप्पट आणि तिची रुंदी यांची बेरीज एका पावलाएवढी, म्हणजे साधारणतः २४ ते २५ इंच यावी. सात इंचांचा चढ आणि दहा इंचांची पायरी या हिशेबात बरोबर बसते.

आता तोच १० फुटांचा मजला सात इंचांच्या थोड्या वरच्या चढाने गाठावयाचा, तर १७ चढ लागतात. सरळ जिना केल्यास १६ पायऱ्या होतात आणि जमिनीवर १३ फूट ४ इंच लांबी लागते. जुन्या घरात एवढी जागा बहुधा नसते. मध्ये चौक देऊन जिना वळविला, तर पहिल्या भागात ८ पायऱ्या, मग ३ फुटांचा चौक, मग उलट दिशेने ७ पायऱ्या, असा तो ९ फूट ८ इंच लांबीत बसतो. मात्र रुंदीत त्याला सव्वासहा फूट लागतात. याचा अर्थ असा की, वरच्या कडीपाटातील जिन्याचे भोक मोठे करावे लागणार, काही कड्या कापाव्या लागणार आणि कापलेल्या कड्यांना आडवा आधार द्यावा लागणार. नेमके हेच काम पहिल्या दिवशी सांगितलेल्या आकड्यात बहुधा नसते. सर्वांत स्वस्त दर देणारा माणूस पुष्कळदा लबाड नसतोच. त्याने जुन्याच भोकातून जुनाच उभा दादर नव्या लाकडात करून द्यावयाचे मनात धरलेले असते, इतकेच. घरातील आजींचे गुडघे त्या आकड्यात धरलेले नसतात.

शिक्षकांना येथे एक सूचना करावीशी वाटते. इयत्ता सातवी-आठवीच्या मुलांना आपापल्या घरच्या जिन्याचे माप घेऊन, उंची भागिले चढ असा हिशेब करावयास सांगितल्यास अंकगणिताचा पाठ होईल आणि गावातील धोक्याचे जिनेही उजेडात येतील.

वजनाचा प्रश्न

जिना लाकडाचा, लोखंडाचा की काँक्रीटचा, हे ठरविताना दरापेक्षा वजन अधिक महत्त्वाचे ठरते. वर वर्णन केलेला चौकाचा जिना ३ फूट रुंद आणि ६ इंच जाडीच्या स्लॅबवर केला, तर पायऱ्या आणि चौक मिळून सुमारे १.२ घनमीटर काँक्रीट लागते. लोखंडी सळयांसह काँक्रीटचे वजन घनमीटरला अडीच हजार किलो धरतात. म्हणजे फरशी आणि कठडा सोडूनही जिना सुमारे तीन टनांचा झाला. हा भार जुन्या लाकडी तुळईवर किंवा मातीत बांधलेल्या विटांच्या भिंतीवर टाकणे धोक्याचे आहे. त्याला स्वतःचा पाया आणि स्वतःचे आधार हवेत. ज्या दरपत्रकात काँक्रीटचा जिना आहे पण पायाचा शब्दही नाही, ते कितीही स्वस्त असले तरी बाजूला ठेवावे, निदान त्याबाबत खुलासा होईपर्यंत तरी. अशा घरात जिना काँक्रीटचा करावयाचा असेल, तर एकदा अभियंत्याला घर दाखवून त्याचा सल्ला घ्यावा. ते शुल्क वाया जात नाही. घराच्या रचनेत बदल होत असल्यामुळे परवानगीबाबत स्थानिक संस्थेकडेही विचारणा करावी.

लाकूड हलके आणि जुन्या घराशी मिळतेजुळते असते. परंतु वरच्या मजल्याचा उपयोग कशासाठी होणार, हे विचारल्याशिवाय ते निवडू नये. वर केवळ घरची माणसे झोपत असतील तर गोष्ट वेगळी. वर शिकवणी, भरतकामाची यंत्रे, हिऱ्यांच्या घंट्या किंवा भाडेकरू ठेवावयाचे असतील, तर सरथाण्याची आठवण ठेवावी. इमारत संहितेच्या अग्निसुरक्षेच्या भागात बाहेर पडण्याचा अंतर्गत जिना न जळणाऱ्या साहित्याचा असावा, असे स्पष्ट म्हटले आहे.

लाकडाचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ‘सागाचा जिना’ एवढ्याच शब्दांवर दर घेऊ नये. या भागात ‘वलसाडी साग’ या नावाला मोठा मान आहे. डांगच्या जंगलातील हा साग नेण्यासाठी बडोदा संस्थानाने बिलिमोऱ्याहून वघईपर्यंत अरुंदमापी रेल्वे टाकली होती, यावरून त्या व्यापाराची कल्पना यावी. आज बाजारात सागाच्या नावाने येणाऱ्या लाकडात कांडला बंदरातून उतरणाऱ्या परदेशी सागाचा वाटा मोठा आहे. त्यात आफ्रिकेचा असतो, दक्षिण अमेरिकेचा असतो, आणि लागवडीतील कोवळ्या झाडांचाही असतो. त्यांच्या भावांत फार अंतर आहे. म्हणून कोठला साग, किती सुकलेला, आणि पांढरा भाग कितपत चालेल, हे दरपत्रकात लिहून घ्यावे. एका सुताराने घनफुटाला कमी भाव सांगितला याचा अर्थ तो स्वस्त आहे असा होत नाही. तो दुसरेच लाकूड लावणार असेल.

जुन्या दादराचे लाकूड कोणाचे ?

दरपत्रकांच्या तुलनेत सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाणारी बाब म्हणजे जुना जिना. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या दादरातील साग पायऱ्यांच्या पृष्ठभागी झिजला असेल, पण आत तो बहुधा पोलादासारखा असतो. अशा जुन्या लाकडाला वखारीत चांगली किंमत येते, दारे-खिडक्यांच्या चौकटींना ते उत्तम चालते. “मोडतोड फुकट करून देतो, शेठ,” असे म्हणणारा ठेकेदार उदारपणे बोलत असेल किंवा त्याने लाकडाची किंमत मनातल्या मनात मोजलेली असेल. म्हणून जुने लाकूड घरमालकाकडे राहणार की ठेकेदार नेणार, हे प्रत्येक दरपत्रकात स्वतंत्र ओळीने लिहून घ्यावे, आणि त्याआधी एखाद्या वखारवाल्याला ते दाखवून त्याचा भाव काढावा.

एक हिशेब करून पाहू. यातील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत. काँक्रीटच्या चौकाच्या जिन्यासाठी पहिल्याने ९५ हजार रुपये सांगितले, दुसऱ्याने १ लाख ४८ हजार आणि तिसऱ्याने १ लाख ६५ हजार. पहिल्याचा आकडा ऐकूनच घरात आनंद होतो. परंतु कागद नीट वाचता असे दिसते की, पहिल्याच्या आकड्यात पाया, काँक्रीट आणि पायऱ्यांवरील फरशी एवढेच आहे. जुना जिना उतरविणे आणि मलबा वाहून नेणे यांचे ८ हजार, कडीपाटाचे भोक वाढवून आधार देण्याचे १५ हजार, कठड्याचे २२ हजार आणि गिलावा-रंगाचे ९ हजार हे सारे वेगळे. बेरीज १ लाख ४९ हजार झाली. शिवाय २० हजारांचे जुने लाकूड तोच नेणार. दुसऱ्याने कठडा सोडून बाकी सर्व धरले आहे आणि लाकूड मालकाकडे ठेवले आहे. त्याचे १ लाख ४८ हजार आणि कठड्याचे २२ हजार मिळून १ लाख ७० हजार, त्यातून लाकडाचे २० हजार वजा जाता १ लाख ५० हजार. तिसऱ्याने कठड्यासह सर्व काही धरले आहे, लाकूडही मालकाचेच. त्याचे १ लाख ६५ हजारांतून २० हजार गेले, म्हणजे १ लाख ४५ हजार. सर्वांत महाग दिसणारा माणूस प्रत्यक्षात सर्वांत स्वस्त निघाला. नेहमी असेच होईल असे मुळीच नाही. पण हा तक्ता मांडल्याशिवाय ते कळणार नाही, एवढे मात्र खरे.

वहीच्या त्या एका पानावर म्हणूनच पुढील गोष्टी येणे आवश्यक आहे : पाया कोणाकडे, वरच्या मजल्याला तात्पुरते टेके कोण लावणार, जिन्याखालून गेलेली विजेची तार आणि नळ कोण हलविणार, पायऱ्यांवर कोणता दगड किंवा कोणती फरशी आणि तिची धार घोटून देणार की नाही, कठडा किती उंचीचा, रंग कोण लावणार, पाणी-वीज कोणाची, आणि मलबा कोठपर्यंत नेणार. इमारत संहितेने कठड्याची उंची १ मीटर सांगितली आहे. घरात लहान मुले असतील तर कठड्याच्या गजांतील अंतरही लिहावे. कठडा बहुधा धावत्या फुटावर सांगितला जातो. ते फूट तिरप्या लांबीने मोजणार की जमिनीवरच्या लांबीने, यात बराच फरक पडतो. ते आधीच ठरलेले बरे.

दर कशावर, तेथे कारागिराचा कल

कामाची मजुरी तीन-चार तऱ्हांनी ठरते आणि प्रत्येकीत कारागिराचा फायदा वेगळ्या दिशेला असतो. काम रोजंदारीने दिले तर दिवस वाढतात. लाकूड घनफुटावर किंवा लोखंड किलोवर ठरविले तर माल वाढतो. सबंध काम उक्ते दिले तर माल बारीक होतो. यात कारागिराच्या नीतिमत्तेचा प्रश्न नाही, व्यवहाराचा ओघच तसा असतो. घरमालकाने तो ओळखून आपली देखरेख तेथे ठेवावी. उक्त्या कामात मालाची जाडी तपासावी, किलोच्या कामात वजनकाट्याची पावती पाहावी, आणि रोजंदारीत दिवसाचे काम संध्याकाळी मोजावे.

थोडे अंकगणित येथे फार उपयोगी पडते. लोखंडी सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा आणि त्याला १६२ ने भागावे, म्हणजे एक मीटर सळईचे वजन किलोत मिळते. ८ मिलिमीटरची सळई मीटरला सुमारे ४०० ग्रॅम, १० ची सुमारे ६२० ग्रॅम आणि १२ ची सुमारे ८९० ग्रॅम भरते. लोखंडी पत्रा दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे ७.८५ किलो भरतो, म्हणजे ५ मिलिमीटरचा पत्रा ३९ किलोंहून थोडा अधिक. काँक्रीटचे मिश्रण १ : १½ : ३ असेल तर घनमीटरला सिमेंटच्या साधारणतः आठ गोण्या लागतात. म्हणजे वरच्या जिन्याच्या पायऱ्या आणि चौक यांना नऊ-दहा गोण्या पुरतात. पाया, गिलावा आणि फरशी यांच्या गोण्या वेगळ्या. लाकडाचेही तसेच. जुन्या पद्धतीच्या सरळ दादरात दीड इंच जाडीच्या, १० इंच रुंद आणि ३ फूट लांब अशा ११ पायऱ्यांना सुमारे साडेतीन घनफूट लाकूड लागते. बाजूच्या दोन तिरप्या फळ्या २ इंच जाड आणि १० इंच रुंद धरल्या तर त्यांनाही जवळपास तितकेच लागते. कठडा सोडून सात घनफूट झाले आणि तूट धरून आठ. कोणी बारा घनफूट लिहिले असेल तर ते खोटेच असे समजू नये, पण जास्तीचे लाकूड कोठे लागणार हे अवश्य विचारावे. चांगला सुतार या प्रश्नाने रागावत नाही. तो पेन्सिल काढून हिशेब दाखवितो, प्रसंगी सुतापर्यंत माप सांगतो, आणि त्या हिशेबावरूनच तो चांगला सुतार आहे हे कळते.

कराचा प्रश्नही आधीच विचारावा. दर वस्तू व सेवा करासह आहे की त्याशिवाय, हे लिहून घ्यावे. केवळ सेवेच्या व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर सामान्यतः नोंदणी आवश्यक नसते. ज्याची नोंदणी नाही त्याला हा कर ग्राहकाकडून वसूल करता येत नाही. त्यामुळे कच्च्या कागदावर कराची रक्कम लावणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच नसावा. दोन दरपत्रकांपैकी एकात कर धरलेला आणि दुसऱ्यात सोडलेला असला, तर त्यांची तुलना अर्थातच फसवी ठरते.

लेखी का ?

गावात ओळखीच्या माणसाकडून लेखी मागणे लोकांना अपमानास्पद वाटते. मिस्त्री शेजारच्या आळीतला, त्याच्या वडिलांनी या घराचा ओटा बांधलेला, मग कागद कशाला, असा विचार होतो. भीड ही भिकेची बहीण आहे, असे म्हणतात ते अशा वेळी आठवावे. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, पण तो सिद्ध करणे अवघड जाते. कागद हा अविश्वासाचा पुरावा नसतो. दोघांच्याही स्मरणशक्तीला त्याचा आधार होतो. तीन महिन्यांनी “कठडा धरला होता” आणि “धरला नव्हता” असा वाद झाला, तर मोडते ती दोन घरांची बोलीचाली. कारागिरालाही लेखी कागदाचा तितकाच लाभ आहे. मालकाने मध्येच पायऱ्यांवर महाग दगड सुचविला, तर वाढीव पैसे कोणत्या दराने मागावयाचे हे त्यालाही कागदावरूनच ठरविता येते.

पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावेत. विसार माल आणण्यापुरता, मग जुना जिना उतरवून पाया झाल्यावर काही, काँक्रीट पडल्यावर काही, असा क्रम ठेवावा आणि शेवटचा दहावा हिस्सा काम पाहून, पायऱ्या मोजून झाल्यावर द्यावा. निम्म्याहून अधिक रक्कम आधी मागणाऱ्याने तिचे कारण सांगितले पाहिजे. प्रत्येक रकमेची पावती घ्यावी. पैसे बँकेतून किंवा मोबाईलवरून दिले तर नोंद आपोआप राहते. पुढे सेवेत त्रुटी राहिली आणि समजुतीने मार्ग निघाला नाही, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तेथेही पहिली विचारणा पावतीची आणि लेखी दराचीच होते.

दर देणाऱ्या प्रत्येकाचे आधी केलेले एक तरी काम पाहून यावे. नवे काम सर्वांचेच चांगले दिसते, म्हणून दोन पावसाळे पाहिलेला जिना पाहावा. त्यावर दोनदा चढावे आणि उतरावे. प्रत्येक पायरीची उंची सारखी आहे काय, ते मोजून पाहावे. पाय पहिल्या दोन पायऱ्यांवरून उंचीचा अंदाज बांधतो आणि नंतर न पाहताच पडत जातो. मधली एक पायरी अर्ध्या इंचाने जरी चुकली तरी ठेच लागते. ही चूक विशेषतः सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या पायरीत होते, कारण जिना झाल्यावर खोलीत नवी फरशी बसते आणि तिची जाडी कोणी आधी धरलेली नसते. घरमालकाने फरशी पुढे बदलावयाची असेल तर तसे मिस्त्रीला मापे घेतानाच सांगावे.

मुदतीबाबत एक गोष्ट निकराने सांगितली पाहिजे. काँक्रीटच्या जिन्याचे टेके लवकर काढण्याची घाई कारागिराला असते, कारण त्याच्या फळ्या आणि बल्ल्या दुसऱ्या कामावर जावयाच्या असतात. भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेके निदान सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस ठेवावे लागतात. साध्या सिमेंटच्या कामावर निदान सात दिवस आणि मिश्र सिमेंटच्या कामावर निदान दहा दिवस पाणी मारावे लागते. बाजारातील बहुतेक गोण्या आज मिश्र सिमेंटच्या असतात, ते गोणीवर वाचून पाहावे. “चार दिवसांत जिना चालू करून देतो” असे आश्वासन ज्या दरपत्रकात आहे, त्याला त्या कलमाचे गुण देण्याऐवजी ते वजा करावेत. या मुदतीत वर जाण्याची तात्पुरती शिडी कोण देणार, ती कोठे बांधणार, आणि वरच्या मजल्यावर एखादा आजारी माणूस असेल तर त्याची खाली कशी सोय करणार, हेही आधी ठरवावे.

दक्षिण गुजरातेत पाऊस साधारणपणे जूनच्या मध्यावर सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत टिकतो. तापीकाठच्या गावात पावसाळ्याच्या तोंडावर घरातला एकमेव जिना उतरवून ठेवणे हिताचे नाही. दिवाळीनंतर मापे घ्यावीत, पौष-माघात तीन दरपत्रके मागवावीत, आणि काम चैत्र संपण्यापूर्वी पुरे करून घ्यावे. त्या दिवसांत लाकूडही कोरडे मिळते आणि कारागीरही पावसाळ्याच्या आधीच्या छपरांच्या धावपळीत अडकलेले नसतात.